राउटर चालू करण्याआधी: बेसच्या पिकअपसाठी खाच कोरण्याची तयारी

बेस गिटारच्या बॉडीत राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, खाच कोरायची तर सगळ्यात आधी पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबकी भाग) हातात हवेत. कॅटलॉगमधल्या आकृतीवर साचा (राउटरला वाट दाखवणारी, खाचेच्या आकाराचं भोक असलेली फळी) कापू नका. जॅझ बेसच्या (फेंडरचं दोन पिकअपचं मॉडेल) जोडीत नेककडचा, म्हणजे तारा दाबायच्या दांड्याकडचा, पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा (बॉडीवर तारा टेकतात तिकडच्यापेक्षा) सुमारे 3 मिमी आखूड असतो, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे कॅलिपरने मोजा आणि पाठीवर खडूने खूण करून ठेवा. साचा पिकअपपेक्षा चारही बाजूंनी अर्धा मिमी सैल हवा. बॉडीला जाड रंग चढणार असेल किंवा खाचेत तांब्याची पट्टी चिकटवायची असेल, तर आणखी किंचित. वर पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची पातळ झाकणपट्टी, बसणार असेल तर एवढा जीव काढायची गरज नाही, तो पुष्कळ पापं झाकतो. पण उघड्या जॅझ पिकअपची किंवा सोपबारची (साबणाच्या वडीसारख्या चौकोनी पिकअपची) कड आयुष्यभर दिसत राहते.

नेक खोबणीत घट्ट बसवून झाली आहे ना? नसेल तर थांबा. मध्यरेषा बॉडीच्या आकारावरून नाही, बसवलेल्या नेकवरून काढायची. ब्रिज जागेवर ठेवा, नटपासून (नेकच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणा आणि पोलपीस, म्हणजे पिकअपवरचे चुंबकी खुंट, त्याखाली कुठे येतात ते पाहा. पिकअप पुढे-मागे कुठे बसवायचा हा आवाजाचा प्रश्न आहे. सत्तरच्या दशकात फेंडरने जॅझ बेसचा मागचा पिकअप जेमतेम 1 सेंमी ब्रिजकडे सरकवला, तरी त्या बेसचा स्वर जास्त धारदार मानला जातो.

आता बिट, म्हणजे राउटरमध्ये बसवायचं कापणारं टोक, कारण बहुतेक बॉड्या इथेच वाया जातात. साचा 12 मिमी एमडीएफचा आणि पात्याच्या वर, साच्याच्या कडेला टेकून फिरणारं बेअरिंग असलेल्या बिटचं पातं 25 मिमी लांब असेल, तर बेअरिंग साच्याला टेकेपर्यंत पातं लाकडात निदान 13 मिमी उतरलेलं असतं. एका फेरीत एवढा घास म्हणजे जळालेली कड, नाहीतर हातातून उसळलेलं यंत्र. फेरीला 3 ते 4 मिमी पुरे. म्हणून आखूड पात्याचा बिट आणा, किंवा एकावर एक दोन साचे लावा. खाच पात्याच्या उंचीपेक्षा खोल गेली की साचा काढून टाका, पुढे बेअरिंग लाकडाच्याच भिंतीवर चालेल. अर्धा इंची बिट कोपऱ्यात सव्वासहा मिमीची गोलाई सोडतो, तेव्हा पिकअपचा कोपरा त्याहून अणकुचीदार असेल तर बारीक बिटही लागेल. बिटचे 6 मिमी आणि पाव इंची दांडे दिसायला सारखे असतात, पण एकाच्या कोलेटमध्ये (दांडा पकडणाऱ्या चिमट्यात) दुसरा बसवायचा नाही. बिट बदलताना प्लग काढलेला हवा.

खोली ठरवताना पिकअपची उंची, खालचा फोम आणि वायरीची जागा धरा. 44 मिमीच्या बॉडीत साधारण 20 ते 25 मिमी खाच केली, तरी खाली स्क्रूला धरायला पुरेसं लाकूड उरतं. बराचसा गाभा आधी फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारा ड्रिलचा बिट) काढून घ्या. त्याचं मधलं टोक कडेपेक्षा खोल जातं, त्यामुळे 2-3 मिमी आधीच थांबा.

साचा डबल टेपने चिकटवून वर क्लॅम्पही लावा आणि राउटरचा तळ पूर्ण फेरी न अडता फिरतो का, हे यंत्र बंद असतानाच पाहा. आतल्या कडेवर राउटर घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे सगळं आधी बॉडीइतक्याच जाड टाकाऊ फळीवर करा आणि त्या खाचेत पिकअप बसवून पाहा, नुसत्या नजरेवर सोडू नका. कंट्रोलच्या (आवाज-टोनच्या बटणांच्या) कप्प्याकडे जाणाऱ्या वायरीसाठी लांब ड्रिल बिटही आणून ठेवा. त्याचा कोन खाचेच्या वरच्या काठाला घासतो का, ते याच फळीवर कळतं. चष्मा, मास्क आणि कानाची बूच हाताशी असू द्या.