एकाच दौऱ्यात तीन-चार शहरं? विमानाने फिरताना या चुका टाळा

एका शहरात मित्र गाठायचा, त्याच्या हक्काच्या जागी पोटभर जेवायचं, दिवसभर भटकायचं आणि विमानाने पुढचं शहर गाठायचं. कागदावर हा बेत फार सुटसुटीत दिसतो. तो फिसकटतो तो बहुतेक वेळा जमिनीवर. एक तिकीट संपून दुसरं सुरू होतं तिथे, किंवा विमानतळ आणि शहर यांच्या मधल्या अंतरात. खालच्या जवळपास सगळ्या चुका अशा सांध्यांवरच्या आहेत.

उड्डाणाचा वेळ हाच प्रवासाचा वेळ धरणं

तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो, म्हणून ‘सकाळी निघू, दुपारी जेवायला पोचू’ असं ठरतं. खरा हिशेब असा: घर ते विमानतळ एक तास, उड्डाणाआधी तिथे दोन तास, विमानात सव्वा तास, उतरून चालणं आणि सामान घेणं पाऊण तास, तिथून मित्राच्या दारापर्यंत एक तास. झाले सहा तास. सात दिवसांत चार शहरं करायची तर जाणं-येणं धरून पाच उड्डाणं, म्हणजे तीस तास. रोज सोळा तास जागे धरले तर आठवड्याचे एकशे बारा तास होतात, त्यातला चौथा हिस्सा रांगांमध्ये गेला.

आठवड्यात तीन शहरं आणि प्रत्येक ठिकाणी दोन रात्री, इतकंच झेपतं. चौथं शहर घुसवलं की दोन मित्रांच्या वाट्याला एकेकच रात्र येते, आणि ती पिशव्या उघडण्यात आणि बांधण्यात संपते. दोन शहरांमधलं अंतर चारशे-पाचशे किलोमीटरच्या आत असेल आणि मध्ये वेगवान रेल्वे असेल, तर तो एक टप्पा रेल्वेने करा. दारापासून दारापर्यंत ती बरेचदा विमानाला मागे टाकते.

उड्डाण निवडताना आणखी एक गोष्ट पाहा. एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या मारतं आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. म्हणून चुकवून चालणार नाही असं उड्डाण सकाळचं घ्यावं. अर्थात सहाचं घेतलं तर तीनला निघावं लागतं आणि सोडायला येणाऱ्या यजमानाचीही झोप मोडते. आठ ते दहामधलं मिळालं तर उत्तम.

मध्यरात्रीची तारीख

15 तारखेला 00:20 चं विमान म्हणजे 14 तारखेच्या रात्री विमानतळावर हजर असायचं. अनुभवी लोकही इथे फसतात, कारण डोक्यात ‘15 च्या रात्री’ असंच बसतं. तिकीट काढल्याबरोबर कॅलेंडरमध्ये उड्डाणाऐवजी घरातून निघण्याची वेळ आणि तारीख नोंदवा. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या शहरातल्या स्थानिक असतात आणि पोचण्याच्या वेळेपुढे ‘+1’ असेल तर तुम्ही दुसऱ्या दिवशी उतरता. मित्राला कळवताना वारासकट तारीख लिहा.

त्याच संदेशात उड्डाण क्रमांक आणि टर्मिनलही द्या. एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे क्रमांक असू शकतात. तिकिटावर बारीक अक्षरात प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. काउंटर आणि टर्मिनल सहसा तिचंच असतं, त्यामुळे तिचा क्रमांक कळवा. घ्यायला येणाऱ्याला विमान टेकण्याची वेळ गाठायला लावू नका. सामान हातात आल्यावर फोन करा, तोवर त्याला पार्किंगबाहेरच थांबू द्या.

शहराचं नाव पाहून तिकीट काढणं

‘लंडन’ म्हणून शोधलं की हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी आणि साउथएंड अशा सहा विमानतळांची तिकिटं एकाच यादीत येतात. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. मिलानमध्ये लिनाते शहराला लागून, तर मालपेन्सा सुमारे पन्नास किलोमीटर दूर. तिकीट स्वस्त दिसलं की आधी विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा, मग नकाशावर विमानतळापासून मित्राच्या घरापर्यंतचं अंतर काढा आणि शेवटची बस किंवा गाडी किती वाजता आहे ते तपासा. रात्री अकरा वाजता दूरच्या विमानतळावर उतरलात तर टॅक्सीच्या भाड्यात तिकिटावर वाचलेले पैसे जातात, वर पदरचेही.

नावसाधर्म्याचा गोंधळही होतो. सॅन होजे कोस्टा रिकातही आहे (एसजेओ) आणि कॅलिफोर्नियातही (एसजेसी). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये (बीएचएक्स) आणि अलाबामातही (बीएचएम). कोड जुळला की मगच पैसे भरा.

सुटी तिकिटं जोडून ‘कनेक्शन’ बनवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्त तिकिटं घेतली, मध्ये दोन तास ठेवले, आणि पहिलं विमान दीड तास उशिरा पोचलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढंच. तिचं तिकीट बुडालं, आणि पहिल्या कंपनीचा त्या दुसऱ्या तिकिटाशी काही संबंध नाही.

तिकिटं वेगळी असली की सामानही सहसा थेट पुढे जात नाही. ते पट्ट्यावरून घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरवर द्यायचं. मधलं शहर दुसऱ्या देशात असेल तर यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, आणि व्हिसा नसेल तर पहिल्या विमानतळावरच तुम्हाला विमानात चढू देणार नाहीत. एकाच बुकिंग क्रमांकावर काढलेल्या तिकिटांत सामान साधारणपणे शेवटच्या मुक्कामापर्यंत जातं आणि उशिरामुळे पुढचं विमान चुकलं तर पर्यायी जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अपवाद असतात, अमेरिकेत बाहेरून येताना पहिल्या विमानतळावर बहुतेकदा सामान घेऊन पुन्हा द्यावंच लागतं.

सुटी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये चार-पाच तास तरी ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे जोड तिथेच द्या जिथे मित्र राहतो, आणि मध्ये एक रात्र घाला.

इथेच आणखी एक सापळा आहे. समजा अ ते ब, ब ते क आणि परत असं एकच तिकीट आहे. अ मधला मित्र म्हणाला, ‘ब पर्यंत मी गाडीने सोडतो, वाटेत एक झकास ठिकाण आहे जेवायला.’ तुम्ही पहिला टप्पा सोडून दिलात. कंपनीच्या संगणकात तुमची ‘नो-शो’ अशी नोंद होते आणि बहुतेक कंपन्या परतीसकट पुढचे सगळे टप्पे रद्द करतात. बेत बदलायचा असेल तर उड्डाणाच्या आधी कंपनीला कळवून तिकीट बदलून घ्या. फरकाची रक्कम भरावी लागेल, पण परतीचा मार्ग शाबूत राहील. शेवटचा टप्पा सोडला तर मागचं काही रद्द होत नाही, पण सामान मात्र तिकिटावरच्या शेवटच्या शहरातच जातं.

एका शहरात उतरून दुसऱ्याच शहरातून परतायचं असेल तर शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय वापरा. पहिल्याच शहरात परत येऊन घरचं विमान पकडण्याचा हेलपाटा वाचतो.

सामान: वाटेतली सर्वांत कडक कंपनी धरा

पहिल्या कंपनीने दहा किलोची केबिन बॅग चालवून घेतली म्हणून पुढची घेईलच असं नाही. सात किलो आणि साधारण 55 × 40 × 20 सेंटिमीटर ही मर्यादा अनेक ठिकाणी आहे, आणि काही स्वस्त कंपन्यांच्या साध्या तिकिटात फक्त सीटखाली मावणारी छोटी पिशवी येते. चाकं आणि मूठ धरून माप घ्या. जादा सामानाचं गेटवर भरावं लागणारं शुल्क ऑनलाइन आधी भरण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतं. मित्रांसाठी नेलेल्या भेटवस्तू उतरतात तेवढं वजन कमी होतं खरं, पण ते मित्रही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. निघताना दीड-दोन किलोची जागा मोकळी ठेवा.

पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. 100 वॉट-अवरपर्यंतची केबिनमध्ये नेता येते. वॉट-अवर छापलेले नसतील तर मिलीअँपिअर-अवर गुणिले 3.7 भागिले 1000 करा: 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-अवरची होते, 27,000 ची 99.9. त्याहून मोठी घेऊ नका. काही कंपन्यांनी 2025 पासून पॉवर बँक विमानात वापरण्यावरही बंदी घातली आहे. वरचे कप्पे भरले म्हणून गेटवर तुमची केबिन बॅग पोटात टाकायला घेतली, तर पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट आणि किल्ल्या आधी बाहेर काढा. हे ऐनवेळी सुचत नाही, म्हणून या वस्तू पहिल्यापासून एकाच छोट्या थैलीत ठेवा.

केबिनमध्ये न्यायच्या द्रवपदार्थांच्या 100 मिलीच्या नियमात मोजली जाते ती बाटली. 200 मिलीच्या बाटलीत चमचाभर शांपू उरला असला तरी ती जप्त होते. मध, जॅम, मऊ चीज, रस्सा, सगळं द्रवातच धरतात. नवी स्कॅनर यंत्रं बसवलेल्या काही विमानतळांवर 100 मिलीची अट सैल झाली आहे, पण पुढच्या शहरात ती लागू असू शकते. देश ओलांडत असाल तर मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं आणि बिया यांचे नियम आधी वाचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये असं काही जाहीर न करता नेलं तर जागेवरच दंड होतो. शंका असेल तर फॉर्मवर ‘आहे’ अशी खूण करा; जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

खाण्याचा बेत उतरल्याच्या रात्री ठेवणं

जिथे टेबल महिनाभर आधी राखावं लागतं, तिथलं जेवण पहिल्या संध्याकाळी ठेवू नका. विमानाला दोन तास उशीर झाला की टेबल गेलं, काही ठिकाणी अनामतही गेली. ते दुसऱ्या दिवशी ठेवा, शक्यतो दुपारी; जागाही सहज मिळते. साप्ताहिक सुट्टी तपासा, आणि ‘अकरापर्यंत उघडं’ याचा अर्थ स्वयंपाकघर अकरापर्यंत चालू असा होत नाही. शेवटची ऑर्डर बरीच आधी घेतात.

एकाच शहरात दोन मित्र असतील तर कोणाकडे कोणतं जेवण हे आधीच ठरवा. दोघांनाही वाढायचं असतं, पोट मात्र एकच असतं. आणि तडस लागेपर्यंत जेवून लगेच विमानात बसू नका: केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीइतका असतो, पोटातला वायू त्यात फुगतो आणि उरलेला प्रवास अवघडून जातो.

मित्राकडे उतरताना राहून जाणारे कागद

हॉटेल नसलं की ‘कुठे राहणार?’ या इमिग्रेशनच्या प्रश्नाला ‘मित्राकडे’ एवढंच उत्तर पुरत नाही. यजमानाचं पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. शेजारच्या देशात दोन दिवस जाऊन परत यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा कामाचा नाही, एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. शेंगेन देशांमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस ही मर्यादा सगळ्या देशांत मिळून आहे. अनेक देशांना पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं.

तरीही बिघडलंच तर

विमान रद्द झालं तर रांगेत उभं राहा, पण त्याच वेळी ॲपवर आणि फोनवरही प्रयत्न चालू ठेवा. जागा मोजक्या असतात आणि जो आधी पोचेल त्याला मिळतात. स्वतः पर्यायी उड्डाण शोधून त्याचा क्रमांकच सांगितला तर काम लवकर होतं. त्या शहराचा दुसरा विमानतळही चालेल का ते सुचवा. रद्द होण्याचं कारण लेखी मागून घ्या, कारण भरपाई मिळणार की नाही हे त्यावर ठरतं.

सामान आलं नाही तर पट्ट्याचं दालन सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून संदर्भ क्रमांक घ्या. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत करावी लागते. फॉर्मवर फक्त पहिल्या मित्राचा पत्ता लिहिला तर बॅग तिसऱ्या दिवशी तिथे पोचते आणि तुम्ही तोवर पुढच्या शहरात असता. म्हणून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे असाल, ते सगळे पत्ते फोनसकट लिहून द्या. पुढचा मुक्काम एकाच रात्रीचा असेल, तर बॅग त्याच्याही पुढच्या शहरात पाठवायला सांगा.