मुलांसोबत घरटी बघताना या चुका टाळा

घरटं बघायला गेलं की मोठी माणसंच आधी घाई करतात. मुलांना अंडी दिसावीत म्हणून फांदी वाकवतात, आड येणारी पानं तोडतात. घरट्याचा आडोसा म्हणजे तीच पानं. ती गेली की कावळ्याला वरून सगळं उघडं दिसतं. कुंडीत बुलबुलानं अंडी घातली असतील तर ती उबायला साधारण १४ दिवस लागतात. तोवर आणि पुढे पिल्लं उडून जाईपर्यंत खिडकीच्या आतूनच बघायचं. चोचीत किडा धरून पक्षी घरट्यात न जाता जवळपास अस्वस्थ बसला असेल, तर तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय.

माळावर वेगळीच काळजी. टिटवी जमिनीवरच्या खळग्यात, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत फिरू लागली की मुलं शोधायला पांगतात आणि अंडी पायाखाली येतात. सगळ्यांना जागीच थांबवा आणि खाली बघत, आल्या वाटेनं परत फिरा.

सुगरणीचं अर्धवट घरटं दिसलं की ‘टाकून दिलंय’ म्हणून काढून आणतात, ही तर फारच वाईट चूक. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते आणि तिला पसंत पडलं तरच तो पुढची लांब नळी विणायला घेतो. त्यामुळे ऐन पावसाळ्यातलं अर्धवट घरटं बहुधा मादीची वाट बघत असतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी छेडणंही शिकारीतच मोडतं. दिवाळीनंतर वाऱ्यानं खाली पडलेलं एखादं घरटं दिसेल, ते तिथेच वर्तमानपत्रावर ठेवून बघा. त्यात बारीक किडे असतात, म्हणून हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. आतल्या बाजूला लिंपलेले वाळक्या चिखलाचे गोळे मुलांना स्वतः शोधू द्या, आधी सांगून टाकू नका.

घरी घरटं विणायला दिलं की मुलं पाच मिनिटांत कंटाळतात, कारण आपण त्यांना वाळकं गवत देतो आणि ते मोडतं. सुगरण हिरव्या पात्याची लांब पट्टी फाडून घेते. तशाच ओल्या पट्ट्या द्या, चोच म्हणून एक चिमटा द्या, दुसरा हात पाठीमागे. काटकीला पहिला वेढा बसेपर्यंत मदत करू नका.

खाली पडलेलं पिल्लू लगेच घरी आणू नका. अंगावर पिसं असतील तर ते उडायला शिकत असतं, जवळच्या झुडपात ठेवून लांब व्हा. उघडंवाघडं असेल तर अलगद घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. चोचीत पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.