सोन्याचे क्लस्टर आणि थायोल: या चुका टाळा

फेनिलइथेनथायोल हा थायोल (गंधकाद्वारे सोन्याला चिकटणारे सेंद्रिय संयुग) वापरून सोन्याच्या २५ अणूंचे क्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचा नेमका समूह, तयार करताना बहुतेक प्रयोग एकाच पायरीवर फसतात, आणि ती पायरी वाट पाहण्याची आहे. टोल्युइन या द्रावकातले सोन्याच्या क्षाराचे नारिंगी-लाल द्रावण थायोल पडताच फिके होऊ लागते; पण सोने त्रिसंयुजी अवस्थेतून एकसंयुजी अवस्थेत येताना दर अणूमागे दोन थायोल एकमेकांना जोडून डायसल्फाइड होऊन खर्ची पडतात आणि तिसरा सोन्याला बांधला जातो. म्हणून ‘एका अणूला एक थायोल’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. मी सोन्याच्या अणूंच्या पाचपट थायोल घेतो आणि द्रावण पूर्ण रंगहीन झाल्यावरही बर्फावर संथपणे ढवळत ठेवतो.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका नवख्या विद्यार्थ्याने द्रावणात पिवळसर झाक असतानाच बोरोहायड्राइड (सोन्याचे क्षपण करून क्लस्टर बनवणारे रसायन) ओतले. क्षणार्धात वाइनसारखा लाल रंग आला आणि तो हरखून गेला. प्रकाशशोषणाच्या वर्णपटात मात्र ५२० नॅनोमीटरजवळ एकच रुंद उंचवटा होता, म्हणजे हाती आले ते मोठे नॅनोकण. हव्या त्या क्लस्टरचे शोषण ६७०, ४५० आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपास स्पष्ट दिसते. त्याने आठवडाभर त्या मिश्रणातून क्लस्टर वेगळे करण्याचा खटाटोप केला; जे तयारच झाले नव्हते, ते धुऊन कुठून मिळणार?

बोरोहायड्राइड बर्फगार पाण्यात आयत्या वेळी विरघळवावे आणि जोरात ढवळत एका दमात घालावे. थेंबथेंब घालण्याचा सल्ला इथे घातक ठरतो. काचेची भांडी अम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुवावीत, पण त्याआधी सेंद्रिय द्रावकाचा अंशही राहू देऊ नये.

दुसरी खोल रुजलेली चूक म्हणजे क्लस्टरवरचा थायोल बदलला तरी आतला सोन्याचा गाभा तोच राहतो, हे गृहीतक. ३८ अणूंचे क्लस्टर ब्यूटिलबेंझीनथायोलच्या मोठ्या अतिरेकात ८० अंश सेल्सिअसला तापवले की ३६ अणूंचे होते, कारण अवजड थायोल पृष्ठभागावर बसताना आतली रचनाही बदलायला लावतो. त्यामुळे अदलाबदलीनंतर केवळ एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणारी पद्धत) पाहून समाधान मानणे मला मान्य नाही. क्लस्टरचे वस्तुमान थेट मोजणारा वस्तुमान-वर्णपट घेतलाच पाहिजे.

तो घेतानाही नमुन्याचे आयन करणाऱ्या लेझरची तीव्रता कमीत कमी ठेवावी. ती वाढली की २५ अणूंच्या क्लस्टरमधून सोन्याचे चार अणू व चार थायोलेट (सोन्याला बांधलेले थायोल) निघून जातात, आणि अखंड क्लस्टरच्या ७३९४ डाल्टन वस्तुमानाच्या खाली दिसणाऱ्या त्या शिखराला लोक अशुद्धी समजून चांगला नमुना पुन्हा शुद्ध करत बसतात.