शेजारच्याने बूट काढले, अजून 14 तास बाकी आहेत

मुंबईहून न्यूअर्कला थेट जाणारं विमान 15-16 तास हवेत असतं. शेजाऱ्याच्या मोज्यांचा प्रवास मात्र त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. पुण्याचा माणूस पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळीच टॅक्सीत बसतो, द्रुतगती मार्गावर अडकतो, तीन तास आधी विमानतळावर पोचतो, तीन रांगांमध्ये घाम गाळतो. सीटवर टेकतो तेव्हा त्याच मोज्यांना आठ-दहा तास झालेले असतात. मग जेवणाचे ट्रे उचलले जातात, दिवे मंद होतात आणि तो बूट काढतो.

त्या क्षणी करण्यासारखं बरंच काही आहे. त्याहून जास्त मात्र त्याआधी, विशेषतः दारं बंद होण्याआधी करता येतं.

वास जात का नाही

विमानातले हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 99.97 टक्के अडवतात, हे खरं. पण वास म्हणजे वायू. तो त्या जाळीतून खुशाल पार होतो. वास जातो तो हवा बदलल्यामुळे. केबिनमधली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते आणि त्यातली निम्मी बाहेरून आलेली असते. म्हणून एकदाच सुटलेला वास पाच-सात मिनिटांत विरतो. अर्ध्या तासानंतरही येत असेल, तर तो कुठून तरी सतत येतोय: मोजे, घामेजलेला शर्ट, उघडा डबा, बदलायचं राहिलेलं डायपर. तेव्हा आधी उगम शोधा. उगम न शोधता शेजाऱ्याकडे रोखून बघण्यात अर्थ नाही. पुष्कळदा वास मागच्या सीटवरच्या माणसाने तुमच्या आर्मरेस्टखाली सारलेल्या पायांचा असतो.

हवा वरून येते आणि पायांजवळ, बाजूच्या भिंतीतल्या जाळ्यांतून निघून जाते. विमानाच्या लांबीच्या दिशेने ती फारशी वाहत नाही. म्हणून चार-पाच ओळी पुढे किंवा मागे जागा मिळाली तरी पुरे. पार दुसऱ्या टोकाची मागत बसायचं कारण नाही.

पोटातल्या वायूचं गणित वेगळं. विमान 35,000 फुटांवर असलं तरी आतला दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीसारखा ठेवतात, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर बसलेले असता. एवढ्या कमी दाबाला बंद जागेतला वायू पाव ते एक तृतीयांश फुगतो. वेफर्सचं पाकीट टम्म होतं ते त्यामुळेच, आणि पोटाचंही तेच होतं. निघण्याच्या दिवशी राजमा, छोले, उसळी, कोबी आणि सोडा टाळा. दूध पचत नसेल तर तेही. शेजाऱ्याने हे वाचलेलं नसणार, तेव्हा त्याला थोडं माफ करा. तीनशे माणसांची पोटं एकाच वेळी फुगलेली असतात.

सीट निवडताना

शेवटच्या तीन-चार ओळी टाळा. तिथे टॉयलेटची रांग तुमच्या खांद्याशी उभी राहते, दार सतत उघडतं आणि काही विमानांत सीट मागेही होत नाही. केबिनच्या मधल्या टॉयलेटांजवळही हीच कथा. पहिल्या ओळीत, भिंतीसमोर, पाय पसरायला जागा मिळते. पण बाळांचे पाळणे तिथेच लावतात.

बोइंग 777 मध्ये इकॉनॉमीच्या सीट बहुधा 3-4-3 अशा असतात, 787 आणि एअरबस ए350 मध्ये 3-3-3, तर ए330 मध्ये 2-4-2. जोडीने जाणाऱ्यांना ए330 मधली खिडकीकडची दोनची जागा सोन्यासारखी, कारण तिसरा माणूसच नाही. एकट्याने जाणाऱ्याने 3-4-3 मध्ये चारच्या गटातली कडेची सीट घ्यावी. शेजारी एकच, आणि आतल्या दोघांपैकी निदान एक जण उठायचं झालं तर पलीकडच्या बाजूने जातो. तीनच्या गटात कडेला बसलात तर रात्रभरात दोघांसाठी उठावं लागतं.

पिशवीत काय ठेवायचं

वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवलेलं सामान रात्री मिळत नाही, त्यामुळे पुढच्या सीटच्या खिशात मावेल अशी एक झिपलॉक पिशवी वेगळी करा.

मास्क घ्यायचा तर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असलेला घ्या. साधा एन95 कण अडवतो, वास नाही. कार्बनचा मास्क वापरेपर्यंत बंद पाकिटातच राहू द्या. उघडा ठेवला तर तो कपाटातलेच वास शोषून बसतो आणि विमानात निकामी ठरतो. असा मास्क नसेल तर साध्या मास्कच्या बाहेरच्या बाजूला मुगाच्या दाण्याएवढा बाम लावा. नाकपुडीच्या आत लावू नका, आणि दोन वर्षांखालच्या मुलांजवळ असला बाम नकोच. बाम हाही वासच आहे, हे विसरू नका. अमृतांजनाने तुम्हाला आजीची आठवण येत असेल. पलीकडच्या जर्मन बाईला तो शेजारच्या मोज्यांइतकाच असह्य होऊ शकतो. बाम, क्रीम, जेल हे सगळं द्रव पदार्थांच्या नियमात येतं: प्रत्येक डबी 100 मिलिलिटरपर्यंत, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

घरोघरी होते ती ओवा-कापराची पुरचुंडी मात्र नेऊ नका. कापूर ज्वलनशील घन पदार्थ आहे, त्यामुळे तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्याऐवजी चार वेलदोडे, चार लवंगा ठेवा. एक लवंग दाढेखाली धरली की तोंडाने घेतलेला श्वाससुद्धा सुसह्य होतो. संत्र्याची ताजी साल मास्कखाली धरणं हा आणखी एक चांगला उपाय, पण उरलेली साल आणि फळ उतरण्याआधी विमानातच टाकून द्या. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ताजी फळं घेऊन उतरणं महागात पडतं.

शेजारी घोरणारा किंवा बडबड्या निघाला, तर फोमचे इअरप्लग. ते नुसते कानात कोंबले तर अर्धेच बसतात आणि आवाज येतच राहतो. बोटांत फिरवून काडीसारखे बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिनाची घरघर उत्तम मारतात. माणसाचं बोलणं तितकं नाही. दोन्ही एकत्र वापरले की घोरणं जवळजवळ नाहीसं होतं. विमान खाली येऊ लागलं की प्लग काढा, नाहीतर कानातला दाब जुळायला अडचण येते.

दारं बंद होण्याआधी

सीटवर बसल्यावर पहिली दहा मिनिटं झोपेची किंवा फोनची नव्हेत. मधला आर्मरेस्ट खाली येतो का बघा. शेजारी अंगाने इतका मोठा असेल की तो येतच नाही, तर लगेच क्रूला सांगा. हवेत गेल्यावर त्यांच्या हातात रिकाम्या सीटपलीकडे काही नसतं. दार उघडं असताना मात्र जमिनीवरचे कर्मचारीही जागा बदलून देऊ शकतात. दारू प्यायल्याचा उग्र वास किंवा अडखळत चालणं दिसलं तरी हीच वेळ.

‘बोर्डिंग कम्प्लीट’ झाल्याचं कानावर आलं की कुठल्या सीट रिकाम्या राहिल्या ते क्रूला कळतं. पण तेव्हा उठून पळू नका. उड्डाणानंतर सीटबेल्टचा दिवा विझला की गॅलीत, म्हणजे क्रूच्या स्वयंपाकघरात जा आणि तिथे बोला. सीटवरचं बटण दाबून शेजाऱ्याच्या डोक्यावरून तक्रार केली, तर तो पुढचे 14 तास तुमचा शत्रू.

वास सुरू झाल्यावर

डोक्यावर हवेची फिरती तोटी असेल तर ती अर्ध्याहून थोडी जास्त उघडा. झोत थेट तोंडावर घेऊ नका. केबिनची हवा आधीच कोरडी असते, तासाभरात नाक-डोळे चुरचुरतात. झोत तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मधोमध, सरळ खाली सोडा. पडदा सोडल्यासारखा तो त्याच्याकडची हवा पायांकडे दाबतो. काही विमानांत अशी तोटीच नसते. तिथे मास्कवर भागवा.

नाकाचा स्वभावही उपयोगी पडतो. एकच वास काही मिनिटं सतत आला की नाक त्याची दखल घेणं कमी करतं. म्हणून दर वीस मिनिटांनी गॅलीत जाऊन मोकळा श्वास घेणारा माणूस परत येतो तेव्हा तोच वास त्याला नव्याने झोंबतो. सहन होण्याजोगा असेल तर बसून राहा. नसेल तर उठाच, पण जागा बदलायच्या बेतानेच.

सांगायचं झालं तर आपला त्रास सांगा, त्याचा दोष काढू नका. मराठी काका असतील तर, “काका, जरा बूट घालता का? मला वासाने मळमळतं.” परदेशी असेल तर, “सॉरी, आय ॲम व्हेरी सेन्सिटिव्ह टू स्मेल्स. कुड यू प्लीज कीप युवर शूज ऑन?” एवढं पुरे. ‘तुमच्या पायांना’ हे शब्द आले की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस बूट घालत नाही. एकदा सांगून फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा तुम्ही नको, क्रूने सांगू दे. असल्या गोष्टींची त्यांना सवय असते, आणि त्यांच्या तोंडून तो नियम वाटतो.

अत्तराचा भपका असेल तर शेजाऱ्याला काही करता येत नाही, कारण अंगावर फवारलेलं काढता येत नाही. दमा किंवा अर्धशिशी असेल तर तेवढंच क्रूला सांगून जागा मागा. कुणाला उलटी झाली तर लगेच बटण दाबा. विमानात ओल शोषणारी पावडर असते. टॉयलेटमध्ये वास असला तर कॉफीचं उघडं पाकीट तिथे ठेवणं ही क्रूची जुनी युक्ती आहे. मागितलंत तर तुम्हालाही एखादं मिळेल. आणि तिथे नुसत्या मोज्यांवर जाऊ नका. जमिनीवरची ओल पाण्याचीच असेल असं नाही.

बाकीचे शेजारी

आर्मरेस्टचा संकेत असा: खिडकीवाल्याला खिडकीकडचा, कडेच्याला वाटेकडचा, मधल्याला दोन्ही. लिहिलेला नियम नाही, पण मधल्या बिचाऱ्याला दुसरं काय मिळतं?

खांद्यावर डोकं टाकून झोपणाऱ्याला हळूच हलवण्यापेक्षा स्वतः एकदा पुढे वाका; त्याचं डोकं घसरतं, जाग येते, ओशाळायचीही वेळ येत नाही. मागून लाथा मारणाऱ्या मुलाकडे वळून बघू नका, त्याला तो खेळ वाटतो. आईबापांशी बोला. फोनवर मोठ्याने व्हिडिओ लावणाऱ्यासाठी क्रूकडून इअरफोन मागून त्याच्या हातात द्या. समोरच्याने सीट मागे केली तर तो त्याचा हक्क आहे. जेवणापुरती सरळ करायला क्रूच सांगतं.

शिवीगाळ, धमकी, अंगाला हात लावणं ही मात्र सोसायची गोष्ट नाही. भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमावलीत अशा वागण्याच्या तीन पातळ्या ठरवल्या: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी, शारीरिक गैरवर्तनाला सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका आणणाऱ्याला दोन वर्षं किंवा जास्त. यासाठी वैमानिकाने नोंद केलेली लागते. म्हणून गॅलीत जाऊन “मला लेखी तक्रार करायची आहे” असं स्पष्ट म्हणा. वेळ, सीट क्रमांक आणि बघणाऱ्यांचे सीट क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा. ‘उतरल्यावर बघू’ यावर समाधान मानू नका, आणि त्या सीटवर परत बसायला सांगितलं तर ठाम नकार द्या.

आणि आपण

दुसऱ्या कुणाच्या रांगेत तो शेजारी आपण असतो. घरातून निघताना नव्हे, सुरक्षा तपासणी झाल्यावर मोजे बदला. जुने पिशवीत गाठ मारून ठेवा. ओल्या काखेवर आणि तळव्यांवर तुरटीचा खडा फिरवला की वास बराच काळ लांब राहतो, शिवाय खड्याला 100 मिलिलिटरचा नियमही लागत नाही. पॉलिस्टरचा टी-शर्ट घामाचा वास सुतीपेक्षा जास्त धरून ठेवतो, म्हणून बनियन तरी सुती असू द्या आणि दुबई-दोह्याला थांबा असेल तर तिथे बदला. लसणीची चटणी आणि सुके बोंबील चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत हवाबंद. डब्यात दशम्या, गुळपोळी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. बंद केबिनमध्ये लोणच्याचा डबा उघडला की सहा ओळींना कळतं.

मुलाकडे पहिल्यांदा निघालेल्या आई-बाबांचा स्वेटर बहुधा ट्रंकेतून थेट बॅगेत जातो, आणि डांबरगोळ्यांचा वास सोबत घेऊन विमानात चढतो. आपल्या नाकाला तो सवयीचा, शेजाऱ्याला डोकं उठवणारा. नुसत्या अत्तराने तो दबत नाही. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी स्वेटर उलटा करून दोन दिवस उन्हात आणि एक रात्र वाऱ्यावर टाका, मग धुवा. शालीचंही तसंच. मफलर विसरू नका. नाकाजवळ तोच असतो.