स्टारड्यू व्हॅलीत कोंबड्या घ्यायच्या? मग आधी चाऱ्याचं बघा

मागच्या रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जिलबी चालू होती आणि तेवढ्यात देवासहून भाचीचा फोन, ती स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळते, म्हणाली मावशी माझ्या कोंबड्या अंडीच देत नाहीयेत, चौघी तोंड पाडून बसल्यात, काय करू. म्हटलं सायलो बांधलास का, तर म्हणे ते काय असतं (चारा साठवायचं कोठार). तिथेच मला कळलं काय झालंय ते, कारण पहिल्यांदा खेळताना मीही अगदी हेच केलं होतं. पैसे जमले की आपण सगळ्यात आधी खुराडं बांधतो, कोंबड्या आणतो, त्यांची नावं ठेवतो, आणि त्या खाणार काय याचा विचार चौथ्या दिवशी करतो. शेजारी बसून आजी ऐकत होती, तिच्या माहेरी गाई होत्या, ती लगेच बोलली की अगं आधी चारा भरतात, मग जनावर आणतात. तिने गेम कधी हातात पण घेतला नाही पण बोलली ते शंभर टक्के बरोबर, म्हणून मी पण त्याच क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते, गेममध्ये सुक्या चाऱ्याला 'हे' (hay) म्हणतात, पण मराठीत लिहिताना "हे" लिहिलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच, म्हणून मी सगळीकडे चाराच लिहिणार आहे.

तर पहिल्या दिवशी शेतात उतरल्यावर सगळीकडे हिरवं गवत दिसतं ना, ते कचरा समजून कापून टाकू नका. माझी मोठी चूक हीच झाली, पहिल्याच स्प्रिंगमध्ये विळा घेतला आणि दोन दिवसांत सगळं शेत साफ करून टाकलं, आणि सायलो नसेल तर कापलेल्या गवताचं काहीच मिळत नाही, ते असंच फुकट जातं. सायलो असेल तर तेच गवत कापल्यावर साधारण निम्म्या वेळा चारा मिळतो आणि तो आपोआप सायलोत जाऊन पडतो, उचलायची पण झंझट नाही. म्हणून सायलो उभा राहीपर्यंत गवताला हात लावू नका, फक्त पेरणीपुरती जागा मोकळी करा.

सायलो गावातली सुतारीण रॉबिन बांधून देते, १०० गोल्ड, १०० दगड, १० चिकणमाती आणि ५ तांब्याच्या विटा. गोल्ड म्हणजे गेममधले पैसे, ते फार नाहीत, खरी मेहनत विटांची आहे. एका विटेला खाणीतल्या कच्च्या तांब्याचे ५ तुकडे आणि १ कोळसा लागतो, म्हणजे २५ कच्चं आणि ५ कोळसे, शिवाय भट्टी बनवायला २० कच्चं आणि २५ दगड वेगळे. दोन-तीन दिवस खाणीत घालवले की होऊन जातं. चिकणमाती कुदळीने जमीन खणताना मध्ये मध्ये मिळते, वाळूत पण मिळते, पावसाच्या दिवशी झाडांना पाणी घालायचं नसतं तेव्हा खणत बसा. रॉबिनचं दुकान मंगळवारी बंद असतं आणि ती एका वेळी एकच काम घेते हे लक्षात ठेवा. सायलोला २ दिवस आणि खुराड्याला ३ दिवस, म्हणून आधी सायलो सांगा आणि ते चालू असताना खुराड्याचं लाकूड जमवा. ४००० गोल्ड, ३०० लाकडं आणि १०० दगड लागतात त्याला, आणि कोंबड्या मावतात ४.

आता चारा विकत पण मिळतो की, जनावरं विकणाऱ्या मार्नीकडे, ५० गोल्डला एक. पण जरा हिशेब करा, एक कोंबडी रोज एक चारा खाते आणि तिचं साधं अंडं विकलं जातं ५० गोल्डला, म्हणजे विकतच्या चाऱ्यावर कोंबडी पाळली तर हातात काहीच उरत नाही, आणि ज्या दिवशी अंडं आलं नाही त्या दिवशी सरळ तोटा. भाची नेमकं हेच करत होती, आणि पैसे संपले तेव्हा चारा आणणंच बंद केलं. बरं, उपाशी राहून कोंबडी मरत नाही या गेममध्ये, पण रुसते, तुमच्याशी असलेली दोस्ती कमी होते आणि अंडं देत नाही. मला तर मग खुराड्यात गेल्यावर त्यांच्याकडे बघवत नाही.

कोंबडी मिळते मार्नीच्याच रँचवर, ८०० गोल्डला एक. मार्नी सकाळी ९ ते दुपारी ४ दुकानात असते, सोमवार-मंगळवार काउंटरवर सापडत नाही, म्हणून उगाच तिकडे पळू नका. पहिल्याच वेळी चार घेऊ नका असं माझं मत आहे, दोन घ्या. आणताना ते पिल्लू असतं, ३ दिवस पोट भरून खाल्लं की मोठं होतं आणि मग अंडी सुरू होतात, तर या तीन दिवसांत घाबरून फोन करू नका की अंडं का नाही!

रोजचं काम म्हणाल तर दोनच मिनिटांचं आहे पण ते रोज करावं लागतं. सकाळी उठलं की खुराड्यात जायचं, अंडी उचलायची आणि प्रत्येकीला एकदा हात लावायचा, डोक्यावर हार्ट आलं की झालं, दिवसातून एकदाच पुरतं. हा हात फिरवणं बऱ्याच जणांना टाइमपास वाटतं पण मोठं अंडं त्यावरच येतं. दोस्ती वाढली आणि कोंबडी खुश असली की साध्या अंड्याच्या जागी मोठं अंडं द्यायला लागते, ते ९५ गोल्डला जातं, आणि अंड्यांवर चांदी-सोन्याचे स्टार पण यायला लागतात. हात लावायचा राहिला तर दोस्ती थोडी थोडी खाली येते, आणि हात लावल्याने तुमची शेतीची लेव्हल पण वाढते, म्हणून मी तर पेरणीच्या गर्दीच्या दिवशी पण हे सोडत नाही.

खायला घालायचं असं की खुराड्यात एक हॉपर असतो, म्हणजे सायलोतला चारा देणारी पेटी, त्यातून चारा काढायचा आणि समोरच्या लांब गव्हाणीवर एकेक ठेवायचा, जेवढ्या कोंबड्या तेवढे. पण बाहेर उन्हात हिरवं गवत असेल आणि दार उघडं असेल तर त्या स्वतःच बाहेर जाऊन गवत खातात, मग त्या दिवशी गव्हाणीतला चारा वाचतो आणि त्या जास्त खुश पण राहतात. म्हणून खुराड्याच्या दारासमोर गवत वाढू द्या, आणि कुंपण असं घाला की त्या तिथेच फिरतील. एक युक्ती जी मला फार उशिरा कळली, गावातला दुकानदार पिएरकडे १०० गोल्डला ग्रास स्टार्टर, म्हणजे लावायचं गवत, मिळतो, तो लावायचा आणि त्याच चौकोनावर कुंपणाचा एक खांब ठेवून द्यायचा, खांबाखालचं गवत कोंबडीला खाता येत नाही आणि तिथून ते आजूबाजूला पसरत राहतं, म्हणजे मैदान कधी पूर्ण उजाड होत नाही.

पाऊस असला की त्या बाहेर पडत नाहीत, विंटरमध्ये तर बिलकुल नाही, त्या दिवशी झोपायच्या आधी गव्हाण भरलेली हवी म्हणजे हवी. टीव्हीवर उद्याचं हवामान रोज बघायची सवय लावा.

दाराबद्दल जरा नीट ऐका कारण यात कोंबडी जाते. सकाळी बाहेर गेलेल्या कोंबड्या संध्याकाळी आपल्या आपण आत येतात, पण त्या यायच्या आधीच तुम्ही दार लावलं तर त्या रात्रभर बाहेर राहतात, आणि रात्री एखादीवर हल्ला होऊन ती कायमची जाऊ शकते. माझी जिलबी नावाची पांढरी कोंबडी अशीच गेली, मी दुपारी चार वाजता दार लावून खाणीत निघून गेले होते. सकाळी उठून मोजल्या तर तीनच, आणि मी खरंच त्या दिवशी फोन बाजूला ठेवून दिला. आजी म्हणाली होती की पाखरं आत आली का मोजून मग दार लावावं, पण मी ऐकलं नाही. आता मी स्प्रिंग ते फॉल, म्हणजे वसंत ते पानगळ, दार उघडंच ठेवते, आत असलेल्या कोंबड्यांना उघड्या दाराने काही होत नाही.

विंटरची तयारी समरपासूनच करायची असते. २८ दिवस बाहेर जाणं नाही, म्हणजे चार कोंबड्यांना ११२ चारा, आठ असतील तर २२४, बारा असतील तर ३३६. एका सायलोत मावतो २४०, म्हणून आठपर्यंत एक सायलो पुरतो तो पण जेमतेम, बारा झाल्या की दुसरा बांधाच. समर आणि फॉलमध्ये गहू लावला तर तो कापताना पण कधी कधी चारा मिळतो, बी १० गोल्डला आणि ४ दिवसांत पीक तयार, स्वस्तातलं काम आहे. फॉलच्या शेवटच्या आठवड्यात उरलेलं सगळं गवत कापून घ्या. मार्नीकडे २००० गोल्डला हीटर मिळतो तो खुराड्यात ठेवा, थंडीत त्यांचा मूड चांगला राहतो.

अंडी अशीच विकू नका, प्लीज. शेतीची लेव्हल २ झाली की मेयो (मेयोनीज) मशीन बनवता येतं, १५ लाकडं, १५ दगड, एक अर्थ क्रिस्टल (खाणीतला एक स्फटिक) आणि तांब्याची एक वीट. साधं अंडं टाका, गेममधल्या ३ तासांत १९० गोल्डचा मेयो बाहेर, आणि मोठं अंडं टाकलं तर गोल्ड स्टारवाला २८५ चा. साध्या अंड्यावर सोन्याचा स्टार असला तरी मेयो साधाच येतो, स्टार फुकट जातो, फरक फक्त मोठ्या अंड्याने पडतो. मशीन खुराड्यातच ठेवा, अंडं उचललं की तिथेच टाकलं. फक्त एक मोठं पांढरं आणि एक मोठं तपकिरी अंडं बाजूला काढून ठेवा, कम्युनिटी सेंटरच्या अ‍ॅनिमल बंडलमध्ये, म्हणजे तिथे जमा करायच्या वस्तूंच्या संचात, कामाला येतात.

खुराडं मोठं केलं, म्हणजे १०,००० गोल्ड, ४०० लाकडं, १५० दगड, तर आठ जागा होतात आणि अंडी उबवायचं मशीन पण सोबत येतं, मग कोंबडी विकत घ्यायची गरजच नाही, पांढऱ्या अंड्यातून पांढरी, तपकिरीतून तपकिरी. आत जागा मात्र रिकामी हवी. त्याच्या पुढचं डीलक्स २०,००० चं, ५०० लाकडं, २०० दगड, त्यात चारा आपोआप गव्हाणीत पडतो, आणि माझ्या मते ज्यांना रोज खाणीत जायचंय त्यांनी पैसे आधी इथेच घालावेत.

रंगांचं म्हणाल तर गावातल्या शेनशी आठ हार्टची दोस्ती झाली आणि त्या वेळचा प्रसंग बघितला की पुढच्या कोंबड्यांपैकी साधारण चारात एक निळी निघते. आणि काळी पण असते, व्हॉइड चिकन, तिचं अंडं गटारातल्या क्रोबस नावाच्या दुकानदाराकडे ५००० गोल्डला मिळतं. आमच्या भाचीने ती बघितली आणि ओरडली, मावशी कडकनाथ! आता आपण इंदूर-देवासची माणसं, झाबुआचा कडकनाथ आपल्याला माहीतच, २०१८ मध्ये जीआय टॅग पण मिळाला त्याला, पण कडकनाथची पिसं-मांस काळं असलं तरी अंडं काही काळं नसतं, गेममधल्या हिचं मात्र अंडं पण काळं आणि त्याचा मेयो २७५ गोल्डला जातो.

भाचीचं सांगायचं तर तिने दोन दिवस फक्त तांबं खणलं, सायलो बांधला, तो उभा राहिल्यावर गव्हाण भरली आणि रोज चौघींना हात लावायला लागली. काल रात्री मी सराफ्यातून घरी येतच होते तर तिचा मेसेज, पोहे नावाच्या कोंबडीने मोठं अंडं दिलं. तिचा फॉलचा १२ वा दिवस चालू आहे, सायलोत १३० चारा झालाय, आणि आता तिला मोठं खुराडं बांधून अजून चार घ्यायच्यात. मी सांगितलंय, खुराडं खुशाल बांध, पण २२४ झाल्याशिवाय मार्नीकडे जायचं नाही.