एकाच कापडावर चार कलाकुसरी? आधी क्रम ठरवा

ठिगळकाम, साखळी टाका, आरसे, क्रोशाची फुलं एकाच कापडावर घेतली की कापड ताणून धरणाऱ्या भरतकामाच्या रिंगखाली काहीतरी चेपतंच. माझ्या उशीच्या अभ्र्यावरच्या गाठीच्या टाक्यांची पार भाकरी झाली होती! आता क्रम असा:

१. तुकडे जोडून गोधडीसारखा धावदोरा.
२. साखळी टाका आणि बाकीचं सपाट भरतकाम. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्यायचे, नाहीतर जोडाशी सुई अडते. उलट बाजूने इस्त्री इथेच उरकायची.
३. गाठीचे टाके, मग आरसे.
४. रिंग काढून क्रोशाची फुलं, मणी.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारातून सुटा लाल दोरा आणलात तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला, तर तो दोरा बाजूलाच ठेवा.