खिळा ओरडतो, अंगठी पुटपुटते

माठ घेताना आई टिचकी मारायची. ठण्ण वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर कुंभाराला परत. त्यामुळे इंग्लंडमधल्या सफोकमध्ये पहिल्यांदा मेटल डिटेक्टर हातात घेतला तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याला येतं. उंच आवाज आला की खणायचं, खालचा घुर्रर्र आला की पुढे जायचं. पहिले सहा महिने मी तसंच केलं आणि घरी आणले घोड्याचे नाल, नट-बोल्टचे वायसर आणि नांगराच्या फाळाचे तुकडे. नवरा म्हणाला, "भंगारवाल्याची गाडी इथेही येत असती तर बरं झालं असतं."

चूक कुठे होती? माठ स्वतः वाजतो. इथे धातू वाजत नाही, यंत्र वाजतं. दांड्याच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र पाठवते, त्याने धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद किंचित उशिरा परत येतो. जाड तांबं किंवा चांदी असेल तर उशीर जास्त, मग यंत्र उंच आवाज काढतं. पातळ, लहान वस्तूला उशीर कमी, म्हणून आवाज मधला. लोखंड मुळात चुंबकीय, त्याचा प्रतिसाद वेगळाच, म्हणून त्याला खालचा आवाज. म्हणजे कानात येतं ते यंत्राचं मत.

आणि हे मत दोन ठिकाणी हमखास चुकतं. मोठं, सपाट किंवा मध्ये भोक असलेलं लोखंड (नाल, वायसर, कडी) त्यात प्रवाह मजेत फिरतो, म्हणून ते चांदीसारखं उंच वाजतं. उलट सोनं! लोकांना वाटतं सोनं खणखणीत वाजणार. बारीक सोन्याची अंगठी मधल्या पट्टीत, चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदाच्या आणि कॅनच्या रिंगच्या शेजारीच पुटपुटते. मधले आवाज गाळलेत की सोनंही गाळलंत. हे मला एका सोबतिणीने शिकवलं, म्हणजे माझ्याच पावलांवर मागून येऊन तिने मी सोडलेल्या मधल्या आवाजातून अंगठी काढली. तिने चहा पाजला, तेवढंच.

म्हणून आता मी आवाजाची उंची नंतर ऐकते, वागणूक आधी.

आवाज आला की थांबायचं, कॉइल जमिनीला समांतर ठेवून त्या जागेवर आखूड फेऱ्या मारायच्या, तीन-चार बोटांच्या. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, दोन्ही वेळा तोच आवाज त्याच जागी आला तर मन लावून ऐका. एका बाजूने टिंग आणि दुसऱ्या बाजूने नुसतं खरखर आलं तर बहुधा वाकलेला खिळा. मग स्वतः नव्वद अंश फिरून तीच फेरी आडवी मारा. नाणं कुठूनही गोलच असतं, ते तसंच वाजतं. खिळ्याचा उंच आवाज बहुतेक वेळा इथे गायब होतो किंवा वीतभर सरकतो. शेवटी कडा ऐका. उंच आवाजाच्या अगोदर किंवा नंतर पुसटसा घुर्रर्र लागून येत असेल तर खाली लोखंड आहे असं धरून चाला.

पण थांबा, कधीकधी खाली दोन्ही असतात. खिळ्याला चिकटून पडलेली पातळ चांदीची मध्ययुगीन पेनी (जुनं इंग्रजी नाणं) तुटक, किरकिऱ्या आवाजात येते. अशा जागी मी कॉइल हळू फिरवते. माझ्या इक्विनॉक्स ८०० या डिटेक्टरच्या पडद्यावर लोखंडाचे आकडे उणे ९ ते ० या पट्टीत येतात. नवशिक्या माणसाला वाटतं ती पट्टी बंदच करावी, कान शांत. मी ती बंद ठेवत नाही, फक्त तिचा आवाज बारीक करते. घुर्रर्र ऐकूच आला नाही तर कडा कशा ऐकणार?

हॉक्सन गाव माझ्यापासून लांब नाही. तिथे १९९२ मध्ये एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते आणि त्यांना रोमन खजिना सापडला, १४,८६५ नाणी. हातोडाही मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लोखंड शोधणाऱ्याला सोनं मिळालं, यावर मी काही बोलत नाही.

कान तयार करायला शेत नको, घरचं अंगण पुरे. फरशीवर नको, खाली सळ्या असतात. लाकडी बाकावर गंजका खिळा, अंगठी, कॅनची रिंग आणि दोन पेन्सची दोन नाणी मांडा, एक १९८० च्या आसपासचं, एक १९९२ नंतरचं. जुनं कांस्याचं, नवीन तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. दिसायला सारखी, कानाला निराळी. हा खेळ मी अजून खेळते.

इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी आधी, आणि १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली (खजिन्याच्या कायद्याखाली) येणारी वस्तू असेल तर १४ दिवसांत कळवायचं. भाचा म्हणतो, "मामी, पुढच्या वेळी रायगडावर घेऊन ये की." नाही रे बाबा. संरक्षित स्मारक आहे ते, आणि भारतात १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

खणलेले खिळे मात्र परत पुरायचे नाहीत. मी ते बादलीत टाकते, संध्याकाळी शेतमालक आजोबांच्या दारात ठेवते. ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा त्यांना माझा छंद परवडतो.